थायरॉईड, हार्मोन आणि लो-कार्ब: भात खाणाऱ्या कोकणातले नेहमीचे प्रश्न

गेल्या गणपतीत आमच्याकडे आरतीला आलेल्या बायकांपैकी चौघींनी मला मागीलदारी गाठून एकच विचारलं, "वजन उतरवलंस ते भात कमी करून ना, मग आता थायरॉईडची गोळी पण सुटली असेल?" नाही सुटली. चौघींना उभ्याउभ्या काय सांगणार, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही. देवगड बाजूची आहे, अकरा वर्षं हायपोथायरॉईड आहे (म्हणजे थायरॉईड ग्रंथी कमी काम करते) आणि चार वर्षं लो-कार्ब, म्हणजे भात-भाकरी-साखर कमी करून जेवतेय. जे स्वतः भोगलं आणि जे डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं तेच खाली आहे. गोळीचा डोस मात्र कुणीही वाचून बदलू नका, माझं वाचून तर नकोच.

लो-कार्ब केलं की थायरॉईड बरा होतो का?

बहुतेकांचा नाही. मोठ्या माणसांत थायरॉईड कमी पडण्याचं नेहमीचं कारण हाशिमोटो, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती गळ्यातल्या ग्रंथीवर उलटते (अँटी-टीपीओ टेस्टमध्ये ते दिसतं) आणि ग्रंथी हळूहळू निकामी होत जाते. अशी ग्रंथी भात सोडून परत कामाला लागत नाही. गोळीत जे असतं, लेव्होथायरॉक्सिन, ते म्हणजे आपली ग्रंथी जो टी-फोर बनवायची तोच हार्मोन. शरीरात जे कमी पडतंय ते बाहेरून भरून देतोय एवढंच, त्यामुळे "गोळीची सवय लागते" वगैरे काही नसतं.

मग काही जणी "माझी गोळी बंद झाली" म्हणतात ते कसं? तर टीएसएच (ग्रंथीला काम करायला लावणारा मेंदूतला हार्मोन, ग्रंथी कमी पडली की हा वाढतो) 5-6 असेल आणि टी-फोर नॉर्मल असेल तर तो कधीकधी आपोआप पण खाली येतो, वजन उतरल्यावरही थोडा उतरू शकतो, म्हणूनच असा रिपोर्ट आला की दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट करायला सांगतात. त्या बाईचं खरं असेल, पण तिची गोष्ट तुमची नाही.

लो-कार्बने होतं काय तर शुगर, इन्सुलिन, ट्रायग्लिसराइड, पोटाचा घेर, लिव्हरवरची चरबी यांना चांगला फायदा होतो. ते काय कमी आहे? पण ते वेगळं काम आहे आणि गोळीचं काम वेगळं.

थायरॉईडमुळेच वजन वाढलं ना?

थोडं. नुसत्या थायरॉईडने साधारण दोन ते पाच किलो वाढतं आणि त्यातलंही बरंचसं मीठ-पाणी साठल्यामुळे. माझे सतरा किलो जास्त होते, त्यातले सगळे मी थायरॉईडच्या नावावर टाकले असते तर आजही तसेच असते. हे ऐकायला वाईट वाटतं मला माहितीये, मलाही वाटलं होतं.

गोळी चहासोबत घेतली तर काय बिघडतं?

खूप बिघडतं, आणि हा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवायला हवा होता खरं तर.

आमच्याकडे पहाटे उठल्याउठल्या गॅसवर आधण ठेवलं जातं, दात घासून होईतो चहा तयार, आणि मी पाच वर्षं ती गोळी त्या चहाच्या घोटासोबत गिळत होते. टीएसएच कधी 8 कधी 9, डोस 50 मायक्रोग्रॅमवरून 75, मग 100, मग 125. कुणी विचारलंच नाही कशी घेतेस, मी पण सांगितलं नाही कारण मला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. मग एका नवीन डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न तो विचारला. नुसत्या पाण्याने, आणि चहा एक तासाने, एवढाच बदल केला, दोन महिन्यांनी टीएसएच इतका खाली आला की डोस उलट कमी करायला लागला.

तर नियम असा: रिकाम्या पोटी, साध्या पाण्याने, त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर एक तास चहा-कॉफी-दूध काही नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी. सकाळी जमतच नसेल, नवऱ्याला पहाटे होडीवर जायचं असतं, डबा करायचा असतो, तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी झोपताना घेतलेली चालते, फक्त डॉक्टरांना सांगून आणि मग रोज तीच वेळ.

लो-कार्बवाल्यांनी इथे जास्त सांभाळायचं कारण या डाएटमध्ये सकाळीच कॉफीत तूप, नाहीतर सोयाच्या पिठाची पोळी, इसबगोल, चिया असलं काहीतरी येतं, आणि कॉफी, सोया, इसबगोल ही सगळी गोळी शोषायला अडथळा करतात. खा, पण तासाभराने, आणि गोळी सकाळची असेल तर इसबगोल रात्रीच घ्या.

पावसाळ्यात गोळ्या खराब होतात का?

होऊ शकतात, ही गोळी दमट हवेला आणि उष्णतेला नाजूक असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या साड्यांना बुरशी येते तिथे गोळीचं काय. झाकण घट्ट लावायचं, आत ओल शोषणारी बारकी पुडी असेल तर ती फेकायची नाही, गॅसच्या वरच्या फळीवर किंवा न्हाणीघराजवळ ठेवायची नाही. वारांचे कप्पे असलेल्या डबीत महिन्याभराच्या काढून ठेवू नका. आणि कंपनी बदलली तर (दुकानात नेहमीची नव्हती म्हणून दुसरी दिली असं होतं) सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्या.

भात पूर्ण सोडायचा का? किती कमी करायचा?

पूर्ण सोडू नका असं माझं स्पष्ट मत आहे, थायरॉईड असेल तर विशेष करून.

आधी हिशोब. 100 ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 28 ग्रॅम कार्ब. आपल्याकडे ताटात जो डोंगर वाढतात तो 250-300 ग्रॅम सहज असतो, म्हणजे 70-80 ग्रॅम एका वेळी, रात्री पुन्हा तेवढाच, सकाळी घावणे नाहीतर पेज, मध्ये चहा-बटर. दिवसाचे 300 कधी होतात कळत नाही. लो-कार्ब म्हणजे साधारण दिवसाला 130 ग्रॅमच्या खाली, आणि कीटो म्हणजे 20 ते 50. या दोन गोष्टी एक नव्हेत, पण लोक ऐकतात लो-कार्ब आणि करायला जातात कीटो.

कार्ब एकदम तळाला नेले, आणि वर जेवणच कमी केलं, तर शरीराला वाटतं दुष्काळ पडला. टी-फोरचा टी-थ्री होतो आणि तो टी-थ्रीच खरं काम करतो, तर ते रूपांतर कमी होतं, त्याऐवजी रिव्हर्स टी-थ्री नावाचा काहीच न करणारा प्रकार वाढतो. टीएसएच मात्र बहुतेक वेळा जागेवरच असतो. म्हणजे ग्रंथी बिघडली असं नाही, शरीर काटकसर करतंय. पण आपल्याला जाणवतं काय? थंडी वाजते, केस जातात, अंग जड, शौचाला त्रास, म्हणजे हुबेहूब थायरॉईड कमी झाल्यासारखं!

माझं अगदी हेच झालं. पहिल्या तीन महिन्यांत मी भात, भाकरी, फळ सगळं बंद केलं आणि त्यात तेल-खोबरं पण भीतीने कमी केलं, म्हणजे कार्बही नाही आणि चरबीही नाही, मग खात होते काय तर काकडी आणि उकडलेली अंडी. नऊ किलो गेले, खूश होते, आणि मग डिसेंबरात आमच्यासारख्या किनाऱ्यावर मी स्वेटर घालून बसायला लागले, न्हाताना केसांचे पुंजके हातात. वाटलं डोस कमी पडतोय. टीएसएच केला तर 2.3, एकदम छान. डोस कमी नव्हता, मी उपाशी होते. दुपारी वाटीभर उकड्या तांदळाचा भात परत सुरू केला, मासे वाढवले, खोबरं वाढवलं. केस परत यायला पाच-सहा महिने लागले पण आले.

म्हणून आता मी दिवसाला 90 ते 120 मध्ये असते. हळूहळू उतरायचं, एका आठवड्यात रात्रीचा भात, मग महिन्याने सकाळचं.

मग खायचं काय? बदामाचं पीठ आणि पनीर आम्हाला परवडत नाही.

कशाला हवंय ते! आपलं जेवण भात बाजूला केला तर मुळातच कमी कार्बचं आहे. बांगड्याचं तिखलं, तारल्यांचं सार, भरलेली पापलेटं, तिसऱ्यांचं सुकं, जवळा कांद्यावर परतलेला, कोंबडीचं सुकं (वडे एखादाच), अंडी. बांगडा-तारली स्वस्त आहेत आणि सुरमईपेक्षा मला तरी जास्त गुणाच्या वाटतात, चरबी चांगली, सेलेनियम मिळतं जे थायरॉईडला लागतं. मासे तळताना रवा-तांदळाचं पीठ जाड थापू नका, बस.

ओला नारळ बघा, 100 ग्रॅममध्ये साधारण 15 ग्रॅम कार्ब आणि त्यातलं 9 ग्रॅम तर चोथाच. बाकी बहुतेक पाणी आणि चरबी. सोलकढी साखर न घालता केली तर जेवणानंतर दोन वाट्या प्या. कोकम सरबत मात्र साखरेचा पाक आहे, आगळ (कोकमाचा बिनसाखरेचा रस) आणून मीठ-जिरं घालून प्या.

कुळथाच्या पिठीला घाबरू नका, पिठात कार्ब असतात पण दोन चमचे पिठात वाटीभर पिठी होते. काळ्या वाटाण्याची उसळ चालेल पण ती भाजी समजून भाताबरोबर नको, तीच भाताच्या जागी घ्या.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा लोकांचं डाएट मोडतं. तेव्हा टाकळा, फोडशी, कुर्डू, अळू, शेवग्याचा पाला येतो, आणि सुकट-सोडे असतात. सुका मासा कोमट पाण्यात भिजवून दोनदा धुवा, बीपी असेल तर अगदी कमी. शाकाहारी घरात थोडं अवघड आहे हे खरं, तिथे डाळी-उसळी लागणारच, त्यामुळे 130 च्या आसपास राहिलात तरी मी म्हणेन पुरे, सोबत ताक, दही, पनीर, शेंगदाणे.

आंबा? एप्रिल-मेमध्ये कोकणातल्या माणसाला हापूस खाऊ नको सांगणं मला जमत नाही. एक मध्यम आंबा, जेवणात भाताऐवजी, जेवणानंतर वरून नाही. फणसाचे गरे आणि भाजलेले काजू यांचं मोजमाप राहत नाही, मोजून काढून घ्या आणि डबा आत ठेवा.

नाचणी तर चालते ना?

नाचणी चांगली आहे पण लो-कार्ब नाही. पिठात 100 ग्रॅमला सत्तरच्या आसपास कार्ब, तांदळापेक्षा थोडेच कमी. आणि तिच्यात कॅल्शियम भरपूर, 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमच्या वर, त्यामुळे गोळीमागोमाग नाचणीची आंबील पिऊ नका, नाश्त्याला उशिरा घ्या.

मासे खातो, मग आयोडीनचं मीठ कशाला? सैंधव बरं ना?

समुद्रकाठी राहतो म्हणून आयोडीन आपोआप मिळतं हा गैरसमज फार आहे. समुद्राच्या मासळीत आयोडीन असतं, पण मिठागरातल्या खडे मिठात फारच थोडं उरतं, आणि सैंधवात तर धरायचंच नाही. शिरोड्याच्या मिठागरांचा, 1930 च्या सत्याग्रहाचा अभिमान मलाही आहे, लोणच्याला मी खडे मीठच वापरते, पण रोजच्या जेवणात आयोडीनयुक्त. सरकारने 1962 साली गलगंडाविरुद्ध कार्यक्रम सुरू केला तो उगाच नाही.

मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर बाईला 250. मिठाची बरणी बंद ठेवा, मीठ शेवटी घाला.

आणि याच्या उलटही करू नका. आयोडीनचे थेंब, समुद्री शेवाळाच्या गोळ्या हे थायरॉईडसाठी म्हणून विकलं जातं, हाशिमोटो असेल तर जास्त आयोडीनने ग्रंथी आणखी बिघडते.

कोबी, फ्लॉवर थायरॉईडला वाईट म्हणतात, ते?

शिजवून खा, काही होत नाही. रोज कच्चे वाटून पिऊ नका म्हणजे झालं.

पाळी अनियमित आहे, पीसीओएस सांगितलंय, थायरॉईड पण आहे.

हे फार घरांत दिसतं. पीसीओएसमध्ये (अंडाशयाच्या हार्मोनचा बिघाड) इन्सुलिन वाढलेलं असेल तर ते अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, म्हणून हनुवटीवर केस, मुरुमं, पाळी लांबणं. इथे कार्ब कमी केल्याचा खरोखर उपयोग होतो, आणि माझ्या भाचीची पाळी पाच महिन्यांत रुळावर आली. पण आधी टीएसएच ठीक करून घ्या, कारण थायरॉईड खूप कमी असेल तर प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध आणणारा हार्मोन) वाढतं आणि त्यानेही पाळी चुकते, मग सगळं खापर पीसीओएसवर.

एक गोष्ट मुली लाजून विचारत नाहीत म्हणून मीच सांगते. पाळी नियमित झाली म्हणजे दिवस राहू शकतात. नको असेल तर काळजी घ्या. हवं असेल तर आधीच टीएसएच बघून घ्या आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा, गरोदरपणात गोळीचा डोस साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढवावा लागतो, बाळाच्या मेंदूसाठी. तेव्हा कीटो अजिबात नाही, अंगावर पाजत असतानाही नाही. सासूबाई पेज देतील ती प्या.

डायबेटिसच्या गोळ्या पण चालू आहेत.

मग डॉक्टरांना सांगितल्याशिवाय भात कमी करायला सुरुवातच करू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आहे तेवढ्याच ठेवून कार्ब उतरवले तर शुगर धाडकन खाली येते, घाम, थरथर, चक्कर. आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या असतील तर खूप कमी कार्बमुळे रक्तात आम्ल साठू शकतं आणि तेही शुगर फारशी वाढलेली नसताना, म्हणून लक्षात येत नाही. मळमळ, उलटी, धाप लागली तर घरी लिंबूपाणी देत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. बीपीच्या गोळ्याही कमी कराव्या लागू शकतात, पहिल्या आठवड्यात अंगातलं पाणी बरंच जातं.

माझा थायरॉईड वाढलेला आहे, हायपर.

मग वजन आधीच उतरत असणार. आजार आटोक्यात येईपर्यंत पोटभर जेवा, भातासकट. कार्बिमाझोल (वाढलेला थायरॉईड कमी करणारी गोळी) चालू असेल आणि ताप-घसादुखी झाली तर पॅरासिटामॉल घेऊन वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रक्तातल्या पांढऱ्या पेशी बघाव्या लागतात.

कोणत्या टेस्ट, किती दिवसांनी?

डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. त्याआधी करून पैसे घालवू नका, गोळीतला टी-फोर रक्तात अर्धा व्हायलाच आठवडा लागतो. सगळं स्थिर असेल तर वर्षातून एकदा. सकाळी रक्त द्या आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या.

आता केस गळतात म्हणून ज्या केसांच्या गोळ्या घेतल्या जातात त्यात बायोटिन असतं, ते शरीराला नाही पण टेस्टला फसवतं. टीएसएच खोटा कमी, टी-फोर खोटा जास्त येतो, आणि चांगला चाललेला डोस कमी केला जातो. टेस्टच्या निदान दोन-तीन दिवस आधी बंद करा, डोस मोठा असेल तर लॅबला विचारा.

सोबत कोलेस्टेरॉल बघा. थायरॉईड कमी असला की एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढतं, आणि काहींचं लो-कार्बमध्येही वाढतं, मग कशाने वाढलं कळत नाही, म्हणून सुरू करण्याआधी एकदा करून ठेवा. हिमोग्लोबिन, बी-12, डी पण. थकव्याला थायरॉईड हे एकच कारण नसतं हो.

वजन उतरल्यावर डोस कमी होतो?

होऊ शकतो, डोस वजनावर थोडाफार अवलंबून असतो. छातीत धडधड, हात कापणं, झोप न लागणं सुरू झालं तर टेस्ट करा. जास्त डोस बरा वाटतो कारण वजन पटकन उतरतं, पण हृदयाचे ठोके बिघडतात, आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात. वजनासाठी गोळी वाढवून मागू नका, मी हात जोडून सांगते.

उपासाला काय?

गोळी पाण्याने घ्यायचीच, गोळीने उपास मोडत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, 100 ग्रॅमला 85 च्या वर कार्ब आणि प्रोटीन नाहीच. मी एकादशीला ताक, शेंगदाण्याची आमटी, थोडं सुरण, ओलं खोबरं यावर राहते. वरी थोडी.

खोबरेल तेल प्यायल्याने थायरॉईड सुधारतो म्हणतात?

नाही सुधारत. स्वयंपाकाला वापरा, आपलं तेल आहे, चांगलं आहे.

घरात सगळे भात खातात, एकटीने कसं करायचं?

वेगळा स्वयंपाक करू नका, महिनाभरसुद्धा टिकत नाही. तेच कालवण, तीच भाजी, फक्त ताटातली वाढणी बदलायची. आमची आये पहिले सहा महिने रागावून बोलायची, "भाताशिवाय जेवल्यासारख्या वाटणा नाय," आणि मी बघत नसताना अर्धी पळी वाढायची. एक दिवस तिला वाटी दाखवली, म्हटलं आये या वाटीत तू वाढ, तुझ्या हाताने, वाटीभर. तेव्हापासून ती वाटी तिने माझी म्हणून वेगळी ठेवलीय, पाहुणे आले तरी त्यात दुसऱ्या कुणाला वाढत नाही.